आकृती तीनमधला चौकोन

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

आधी बस, चहा घे आणि मग पुढे वाच. आमचा पेटंटचा अर्ज फेटाळला.

फोनवर बोललेलं खोडता येत नाही म्हणून तू फोन घेत नाहीस, आणि ईमेल उघडायला तुला मुहूर्त लागतो. म्हणून सगळी कागदपत्रं या पत्रासोबतच धाडतेय. उभा जन्म तू पेटंट ऑफिसात परीक्षक होतास, लोकांच्या अर्जांवर लाल शाई ओतलीस. आता एकदा घरच्या माणसासाठी ती बाटली उघड.

आमचं सर्किट काय करतं ते तुला साध्या भाषेत सांगते, कारण अर्जातली भाषा वकीलबाईंची आहे आणि ती मलाही कळत नाही. चिपच्या पोटात वेगवेगळी कामं करणारे भाग असतात. खोल्या समज. ज्या खोलीत काम नाही तिची वीज बंद केली की बॅटरी जास्त पुरते. हे सगळेच करतात. गोची होते ती खोल्या परत जाग्या करताना. बऱ्याच जणींनी एकदम वीज ओढली की सगळ्या चिपचं व्होल्टेज खाली बसतं, आणि ज्या बिचाऱ्या आधीपासून कामाला लागल्यात त्या चुका करायला लागतात. जुना उपाय म्हणजे एक मुकादम नेमायचा. आधी तू ऊठ, मग तू, मग ती. त्यात वेळ जातो, आणि मुकादमही वीज खातोच. आमची प्रत्येक खोली उठताना स्वतःच व्होल्टेजवर नजर ठेवते. ते बसायला लागलं की आपला ओढा कमी करते, सावरलं की पुन्हा उठायला लागते.

परीक्षकाने दोन जुनी पेटंट शोधून काढली. एकात रिकाम्या खोल्या बंद करणं आहे, दुसऱ्यात मुकादमाने खोल्या ओळीने उठवणं. शिवाय म्हणे ‘अर्जदाराच्या आकृती तीनमध्येही मधोमध नियंत्रक आहेच.’ असतोच ना! सगळ्यांच्याच आकृतीत असतो. आणि शेवटी हा टोला: ‘दोन जुन्या वस्तू शेजारी मांडल्याने तिसरी वस्तू जन्माला येत नाही.’ हे वाचून माझा भागीदार म्हणाला, “छान लिहिलंय.” हा मनुष्य आठवड्यातून एखादं वाक्य बोलतो, म्हणून आम्ही त्याला मौनी म्हणतो. त्यातलं एक त्याने असं वाया घालवलं.

श्रवणयंत्रं बनवणारी एक कंपनी आमचं सर्किट घ्यायला तयार आहे, पण पेटंट मिळालं तरच. नाही तर फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी ते आमच्या दारात का येतील? म्हणजे अपील हरलो की लाँड्रीच्या वरची आमची ही खोली बंद. एवढं सगळं तुझ्या चष्म्यावर अवलंबून आहे. नीट पूस.

तुझी भाची

१३ फेब्रुवारी

भाचीबाई,

पत्र आणि पुडकं पोचलं. पुडक्याला तू लावलेली चिकटपट्टी काढायला मामीला विळी लागली, म्हणून उत्तराला उशीर.

सवयीप्रमाणे मी आधी फेटाळल्याचा आदेश वाचला, ओळीखाली पट्टी धरून. आदेश चांगला आहे. मुद्दे क्रमाने आहेत, जुनी पेटंट नेमकी निवडली आहेत, कुठेही आवाज चढवलेला नाही. खरं सांगायचं तर मी असतो तरी हेच लिहिलं असतं.

आकृत्या अजून पाहिलेल्या नाहीत. पाहीन असंही आज म्हणत नाही, कारण एका गोष्टीची मला आधी खातरजमा करायची आहे. ती काय हे विचारू नकोस.

मामी विचारते, लाँड्रीच्या वाफेने तुमच्या खोलीत कपडे वाळतात का.

मामा

१९ फेब्रुवारी

मामा!

‘मी असतो तरी हेच लिहिलं असतं’! सख्खा मामा ना तू माझा? का मला पुलाखालून आणलं म्हणून चिडवायचास ते खरंच होतं?

तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्याकडची दोघं नवी पोरं टेबलाखाली तोंड लपवून हसत होती. मौनीने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःचा चहा माझ्यापुढे सरकवला. त्याच्याकडून एवढी सहानुभूती म्हणजे माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार.

वकीलबाईंनी अपील दाखल केलंय. सुनावणी जूनमध्ये, तीन जणांच्या मंडळापुढे. वकीलबाई म्हणतात, ‘बघू.’ त्यांचं ‘बघू’ मला आता ओळखू येतं, ते दाताच्या डॉक्टरसारखं असतं. तेव्हा रुसवा बाजूला ठेवून विचारते. आकृत्या बघ, आणि आमचं कुठे चुकलं ते एका ओळीत कळव. कशाची खातरजमा करायची ती कर, पण लवकर कर.

आणि हो, मामीला सांग, कपडे वाळत नाहीत. उलट आम्हीच ओले होतो.

तुझी (अजून तरी) भाची

२ मार्च

भाचीबाई,

खातरजमा झाली. आता सांगतो आणि मग या विषयावर तोंड बंद करतो.

‘दोन जुन्या वस्तू शेजारी मांडल्याने तिसरी वस्तू जन्माला येत नाही’ हे वाक्य माझं आहे. मी ते नोकरीत इतक्या वेळा लिहिलं की टंकलेखन करणाऱ्या बाई ते न विचारता टाकायच्या. आदेशात ते दिसलं तेव्हाच मनात पाल चुकचुकली. म्हणून जुन्या सहकाऱ्याला विचारलं. तुझा अर्ज तपासणारी परीक्षक माझी शिष्या आहे. कॉलेजातून थेट माझ्या टेबलासमोर येऊन बसली होती. ओळीखाली पट्टी धरायला तिला मीच शिकवलं. पेन्सिलीला टोक काढायलाही.

आता मी तुला एक शब्द जरी सुचवला तर उद्या कोणीही म्हणेल की गुरूने भाचीचं काम केलं. त्यात डाग तुझ्या पेटंटलाही लागेल आणि त्या मुलीच्या नावालाही. तिने काहीही चूक केलेली नाही. सोबत तुझं पुडकं परत पाठवतो आहे. आकृत्यांच्या पाकिटाची दोरी मी सोडलेली नाही, तू बांधलीस तशीच आहे.

मला वाईट वाटतं आहे, हे लिहून ठेवतो. पण पत्रं बंद करू नकोस. जगात पेटंट सोडूनही गोष्टी आहेत. त्या लिही. मीही लिहीन.

मामा

१० मार्च

प्रिय मामा,

बरं. नाही विचारणार. तू असाच आहेस हे मला लहानपणापासून माहीत आहे. पत्त्यांत माझे पत्ते चुकून दिसले तर डाव मोडून पुन्हा पिसायचास.

तर जगातल्या इतर गोष्टी. आमचं सगळं मजेत आहे. लाँड्रीवाल्याने नवं यंत्र आणलंय, ते फिरायला लागलं की आमची मोजमापाची टेबलं थरथरतात, म्हणून मौनीने सगळ्या टेबलांच्या पायांखाली जुनी चप्पल कापून घातली. दोघं पोरं उत्साहात आहेत. वकीलबाई ‘बघू’ म्हणतात. (हे पेटंटबद्दल नाही, त्या एकूणच तसं म्हणतात.)

तुझं सांग. इमारतीत काय चाललंय?

तुझी भाची

२५ मार्च

भाचीबाई,

इमारतीत अनागोंदी चालली आहे. विचारलंस म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे पाणी सोडणारा पंप एकच. संध्याकाळी सगळे कामावरून परततात आणि सगळ्यांना एकाच वेळी अंघोळ, भांडी, कपडे सुचतात. सगळे नळ एकदम उघडले की वरच्या मजल्यांवर नळ नुसता खोकतो. म्हणून आमच्या सेक्रेटरींनी वेळापत्रक केलं होतं. जिन्यात शिट्टी वाजली की पहिला मजला, दुसरी शिट्टी झाली की दुसरा मजला, असं वरपर्यंत. त्या वेळापत्रकाचा मसुदा मीच तपासून दिला होता. कागदावर तरी त्यात खोट नव्हती.

या हिवाळ्यात सेक्रेटरी मुलीकडे गेले ते शिट्टीसकट. मी ताबडतोब समितीला पत्र दिलं की बदली शिट्टीवाला नेमावा. समितीने माझ्या पत्राला केराची टोपली दाखवली. आता परिस्थिती अशी आहे की कोणीही केव्हाही नळ उघडतं. धार बारीक झाली की आपणच नळ जरा आवळतात, थांबतात, धार सुधारली की पुन्हा सोडतात. कोणी कोणाला विचारत नाही. कोणी कोणाचं ऐकत नाही. तुझी मामी तर हे गुणगुणत करते.

पाणी मिळतं, हे मान्य. सगळ्यांना मिळतं, हेही मान्य. पूर्वीपेक्षा लवकर मिळतं असं मामी म्हणते, तिला मी उत्तर दिलेलं नाही. पण मला सांग, या सगळ्याला जबाबदार कोण? उद्या काही झालं तर विचारायचं कोणाला? मधोमध कोणी नको का? मी समितीला दुसरं पत्र लिहितो आहे.

बाकी ठीक. जिन्यातला दिवा बदलला.

मामा

२ एप्रिल

मामा, मामा, मामा,

किती रे हुशार तू! एक शब्दही न बोलता सगळं सांगितलंस! ‘मधोमध कोणी नको का?’ वाचलं आणि मी खुर्चीवरून उठले ती थेट आकृती तीनसमोर जाऊन उभी राहिले.

आकृती तीनमध्ये मधोमध एक चौकोन आहे. त्यावर लिहिलंय ‘नियंत्रक’. सगळ्या खोल्यांतून त्याच्याकडे तारा जातात. परीक्षकबाईंनी बोट ठेवलं ते यावरच, की यांच्याकडेही मुकादम आहे, मग नवं ते काय? आणि मामा, तो चौकोन काहीही करत नाही! मी मौनीला विचारलं, “हा काय करतो?” तो म्हणाला, “काही नाही.” मी विचारलं, “मग आकृतीत काढला कशाला?” तो म्हणाला, “तूच काढलास.”

खरंच मीच काढला. आमच्या धंद्यात आकृतीच्या मधोमध नियंत्रक नसला तर कसंतरीच दिसतं, कुंकू न लावल्यासारखं म्हणायची आमची आजी, तसं. कॉलेजपासून प्रत्येक आकृतीत तो काढायची हाताला सवय. हात गेला आणि काढला. वकीलबाईंनी तो बघितला आणि दाव्यातही, म्हणजे आमचं नवं काय ते सांगणाऱ्या कलमातही, घातला. ज्या सर्किटची सगळी गंमत मुकादम नसण्यात आहे, त्याच्या डोक्यावर मी मुकादम बसवला!

आता पुढची मजा. दावा बदलून ‘कोणत्याही मध्यवर्ती नियंत्रकाशिवाय’ असं म्हणायचं तर मूळ अर्जात त्याला आधार हवा, नव्याने काही घुसडता येत नाही. आम्ही सगळा अर्ज चाळला. चाचणीच्या पानावर तळाला माझं एक ओशाळं वाक्य सापडलं: ‘चाचणीच्या चिपवर जागा न उरल्याने नियंत्रक बसवता आला नाही, तरी मोजमापं वरीलप्रमाणे आली.’ म्हणजे आमची चिप पहिल्या दिवसापासून त्याच्याशिवायच चालत होती, आणि मी त्याबद्दल माफी मागत होते. वकीलबाईंनी ते वाक्य वाचलं आणि पहिल्यांदाच ‘बघू’ म्हणाल्या नाहीत.

मामा, नळाचं रूपक कसं सुचलं रे तुला? आणि ती शिट्टी! मानलं तुला.

तुझी, आणि फक्त तुझीच, भाची

९ एप्रिल

भाचीबाई,

तुझं पत्र वाचून मला घाम फुटला.

त्या पत्रात रूपक नव्हतं. ते पाण्याबद्दल होतं. मी खरोखरच वैतागलो होतो, दुसरं पत्र समितीला खरोखरच दिलं आहे, आणि शिट्टी ही खरीखुरी शिट्टी आहे, पितळेची. तुझ्या आकृती तीनमधल्या नियंत्रकाला काहीच काम नाही हे मला काल तुझ्या पत्रातून कळलं. हे मी तुला शपथेवर सांगू शकतो, पण तू विश्वास ठेवशील असं वाटत नाही. मामीनेही ठेवला नाही. ती म्हणाली, “असू दे हो, मी कोणाला सांगत नाही.”

घरच्या माणसाचा जर विश्वास बसत नाही तर परक्याचा कसा बसावा? म्हणून जे करायला हवं ते केलं. माझ्या प्रत्येक पत्राची नक्कल मी ठेवतो. पंचवीस मार्चच्या पत्राची नक्कल आज मी अपील मंडळाकडे रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. सोबत खुलासा जोडला: परीक्षक माझी शिष्या, अर्जदार माझी भाची, मी प्रकरणावर बोलायचं नाही असं ठरवलं होतं, हे पत्र पाण्याविषयी आहे, अर्जदाराने त्यातून वेगळा बोध घेतला, मंडळाला योग्य वाटेल ते मंडळाने करावं.

तुला राग येईल हे मला माहीत आहे. पण हे आपण होऊन सांगितलेलं बरं, नंतर कोणी उकरून काढण्यापेक्षा.

मामा

१५ एप्रिल

मामा,

राग येईल? राग शब्द तोकडा आहे. वकीलबाईंनी तुझ्या खुलाशाची प्रत वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली, आणि आता त्या परत ‘बघू’ म्हणायला लागल्यात.

तुझ्या सचोटीचा मला अभिमान आहे. पण माझ्या घरावर तुळशीपत्र ठेवायच्या आधी मला विचारायचंस तरी! मंडळाला वाटलं की बाहेरून शिकवणी झालीय तर बदललेला दावा घेणारच नाहीत.

आणि तुला काही माहीत नाही, कारण मी सांगितलं नाही. दोघांपैकी एक पोर मार्चमध्येच सोडून गेलं. ‘मजेत आहे’ हे मी उगीच लिहिलं होतं. जुन्या कंपनीतल्या साहेबांना मी शब्द दिलाय, अपील हरले तर जुलैपासून मी परत रुजू होईन. तिथे माझं काम म्हणजे दुसऱ्यांच्या आकृत्यांमध्ये तारा सरळ करायच्या. मौनीने कुठे अर्ज केलाय का हे मी विचारत नाही, तो सांगत नाही.

सुनावणीपर्यंत पत्र नको. मला काही सुचत नाहीये.

भाची

२८ एप्रिल

चिमणे,

मी मामी. पत्र नको म्हणालीस ते मामाला. मला काही तू म्हणाली नाहीस.

तुझं पत्र आल्यापासून ह्यांची रया गेली आहे. समितीला तिसरं पत्र लिहायला बसले होते, ते अर्धंच फाडून टाकलं. संध्याकाळी नळाशी जाऊन उभे राहतात. धार बारीक झाली की आवळतात, मोठी झाली की सोडतात, आणि मग म्हणतात, “चालतंय की गं हे.” मी म्हटलं, मी हिवाळ्यापासून सांगतेय. तर म्हणतात, “तू सांगत होतीस, पण मी तपासलं नव्हतं.”

मलाही वाटलं होतं की त्यांनी मुद्दाम लिहिलं. आता नाही वाटत. या माणसाला रूपक सुचलं असतं तर लग्नाआधी मला पाठवलेली पत्रं एवढी कोरडी नसती. पहिल्या पत्रात मला बसचं वेळापत्रक लिहून पाठवलं होतं.

त्यांनी केलं ते तुला गैरसोयीचं झालं, हे मला कळतं. पण तुझ्या पेटंटवर उद्या कोणी बोट ठेवू नये म्हणूनच केलं, बरं का. रागाव हवं तेवढं, पण जेवत जा वेळेवर. आणि सुनावणी झाली की जिंकलीस तरी आणि हरलीस तरी पहिलं पत्र त्यांना लिही.

मामी

१७ जून

प्रिय मामा, आणि मामी, तूही वाच,

आज सुनावणी झाली. आत्ता लाँड्रीवरच्या खोलीत बसून लिहितेय. खाली यंत्र फिरतंय, अक्षर हललं तर ते मौनीच्या चपला झिजल्यामुळे, माझ्यामुळे नाही.

लांबच लांब टेबल. पलीकडे मंडळ: मधोमध अध्यक्षबाई, दोन बाजूंना दोन सदस्य. कोपऱ्यात एसी गळत होता, त्याखाली बादली. आणि समोर तुझी शिष्या. मामा, मी तिला बघताच ओळखलं असतं. पेन्सिली रबरबँडने बांधलेल्या, सगळी टोकं एका दिशेला. ओळीखाली पट्टी.

अध्यक्षबाईंनी सुरुवातच तुझ्या पत्राने केली. त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, शिट्टीपासून जिन्यातल्या दिव्यापर्यंत. ‘तुझी मामी तर हे गुणगुणत करते’ इथे डावीकडचे सदस्य खोकले, पण तो खोकला नव्हता. मग तुझी शिष्या उभी राहिली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, “इमारतीतले रहिवासी हीच पद्धत वापरत असतील, तर ती त्यांनी केव्हापासून वापरली ते विचारणं माझं कर्तव्य आहे. अर्जाच्या तारखेआधी वापरली असेल तर ती जुनी माहिती ठरू शकते.” मामा, तुमच्या नळाने माझं पेटंट गिळायची वेळ आली होती! मी म्हटलं, “सेक्रेटरी या हिवाळ्यात गेले. अर्ज त्याच्या बराच आधीचा आहे.” ती म्हणाली, “मग माझी हरकत नाही,” आणि पेन्सिलीने बारीकशी खूण केली. अध्यक्षबाई म्हणाल्या, “हे पत्र पाण्याविषयीच आहे, याबद्दल मंडळाच्या मनात शंका नाही. कोणाला काही शिकवायचं असतं तर इतकं कंटाळवाणं कोणी लिहिलं नसतं. ते आपण होऊन पाठवलं गेलं, हे बरं झालं.” आणि बदललेला दावा त्यांनी विचारात घेतला.

पण खरी लढाई पुढेच होती. तुझी शिष्या म्हणाली, “जुन्या पेटंटमधला मुकादम काढून टाकला, एवढंच यात झालं आहे. एखादी गोष्ट वगळणं म्हणजे शोध नव्हे. ते कोणालाही सुचेल.” मुद्दा बिनतोड होता. वकीलबाई कागद चाळायला लागल्या. आणि मी, जिला गप्प बसायला बजावून नेलं होतं, ती उभी राहिले.

मी म्हटलं, “बाई, कोणालाही सुचेल म्हणता, पण मला सुचलं नव्हतं. मी तो चौकोन स्वतःच्या हाताने काढला. माझ्या टेबलावर माझीच चिप त्याच्याशिवाय चालत होती, मोजमापं माझ्याच हातची होती, तरी मी तो काढला आणि वर त्याच्या नसण्याबद्दल माफी मागितली. कारण मधे कोणी नसताना हे चालेल यावर माझाच विश्वास बसत नव्हता. ज्याने ते बनवलं त्यालाच जे पटत नव्हतं, ते धंद्यातल्या इतरांना सहज सुचलं असतं असं कसं म्हणायचं?”

बादलीत थेंब पडल्याचा आवाज येत होता. अध्यक्षबाईंनी तुझ्या शिष्येला विचारलं, “यावर काही?” तिने आकृती तीन उघडली. मग चाचणीचं पान उघडलं. पट्टी ठेवून ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं. मला वाटलं आता ही माझ्या चिंधड्या करणार. ती म्हणाली, “नाही. अर्जदाराचं म्हणणं बरोबर आहे. माझा आक्षेप त्या चौकोनावर उभा होता. मी तो मागे घेते.”

सरळ, सगळ्यांदेखत, न अडखळता. मला तिच्या जागी असं जमलं असतं का, देव जाणे.

मंडळाने तिथल्या तिथे निर्णय सांगितला. अपील मंजूर, नव्या दाव्यासह पेटंट द्यावं. वकीलबाईंनी मला मिठी मारली. मौनी बाहेर व्हरांड्यात उभा होता, त्याला सांगितलं तर तो अखंड बोलत सुटला, बस येईपर्यंत. श्रवणयंत्रवाल्यांना कळवलं, ते पुढच्या आठवड्यात येतायत. जुन्या साहेबांनाही फोन केला की मी येत नाही. सोडून गेलेल्या पोराला विचारलंय, परत येतोस का. तो म्हणाला, येतो.

निघताना जिन्यात तुझी शिष्या भेटली. तिने फक्त विचारलं, “सर बरे आहेत ना?” मी म्हटलं, बरे आहेत, नळाशी उभे असतात. ती पहिल्यांदाच हसली.

मामा, एप्रिलमध्ये मी तुला जे लिहिलं त्याचं मला वाईट वाटतंय. तू ते पत्र पाठवलं नसतंस तर आज मी मंडळापुढे मान वर करून उभी राहिले नसते. लवकर लिही.

तुझी भाची

२४ जून

भाचीबाई,

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं, मग मी वाचलं, मग तिने पुन्हा शेजारच्यांना वाचून दाखवलं. ‘कंटाळवाणं’ या शब्दावर तिने प्रत्येक वेळी मुद्दाम थांबून माझ्याकडे पाहिलं.

एप्रिलचं मनावर घेऊ नकोस. तुझ्या जागी मी असतो तर मीही मामाला तेच लिहिलं असतं, आणि त्याला उत्तर द्यायला जागाही ठेवली नसती. माझ्या शिष्येने आक्षेप मागे घेतला तो प्रसंग मी चार-पाच वेळा वाचला. फेटाळायला मी तिला शिकवलं होतं. हे मात्र तिचं तिने मिळवलं, माझ्याकडून घेतलेलं नाही. मला ते नोकरीत एवढ्या सहजपणे एकदाही जमलं नव्हतं. तिला पत्र लिहिणार आहे. आता प्रकरण मिटलं आहे, तेव्हा हरकत नसावी.

एक गोष्ट तुला सांगायची आहे. परीक्षक फेटाळतो तेव्हा पानंच्या पानं लिहितो. मंजूर करतो तेव्हा एक छापील कागद जातो. त्यावर क्रमांक, तारीख, शिक्का. काम आवडलं असं लिहायला त्यात जागाच नसते, आणि लिहिणं नियमात बसत नाही. माझ्या हातून असे कितीतरी कागद गेले. त्यातले काही अर्ज वाचून मी खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभा राहिलो होतो, इतके सुंदर होते. त्या माणसांना ते कधी कळलं नाही. त्यांना वाटलं असेल, एका खडूस माणसाने नाइलाजाने शिक्का मारला.

तू पत्रासोबत पुन्हा पाठवलेलं पुडकं काल उघडलं, आकृत्यांच्या पाकिटाची दोरी सोडली आणि सगळा अर्ज पहिल्या पानापासून पट्टी धरून वाचला. आकृती तीनवर आलो तेव्हा चौकोनावर तळवा ठेवून तो झाकला आणि उरलेलं पाहत बसलो. मामी चहा ठेवून गेली, तो गार झाला.

आता मी सेवेत नाही आणि मला अडवणारं कोणी नाही, म्हणून लिहितो.

पोरी, तुझं काम नवं आहे. मला ते फार आवडलं.

तुझा मामा